भोकाचा पैसा

गळत होती ती एकाच ठिकाणी.
पेट्रोलची नळी जिथे कार्ब्युरेटरला भेटते
तिथे थेंब. मग वीस-बावीस सेकंदांनी
आणखी एक.
अठ्ठेचाळीस सालची हिलमन,
डॉक्टर इंदुमती गुप्त्यांची,
उथळसरला पत्र्याच्या शेडमध्ये एकोणीस वर्षं उभी.
बाईंचा नातू निरंजन म्हणाला,
काका, सगळं ओरिजिनल पाहिजे.

ओरिजिनल.
माझा मेट्रिक पाना तिच्या नटावर ढिला,
इंची पाना चढेना.
व्हिटवर्थचा संच शेवटी चेंदणीत मिळाला,
एका दिवंगत फिटरच्या बायकोकडे.
त्यातल्या सगळ्यात मोठ्या पान्याने
ती नारळ फोडायची.
तो तेवढा दिला नाही तिने.

जोड उघडला. आत वॉशर,
काजळीने काळा, चपटा.
नीट बघितलासुद्धा नाही मी.
चिंधीत गुंडाळून खिशात टाकला
आणि नवा शोधायला निघालो.

तुर्भ्याचा भंगारवाला म्हणाला,
हिलमन? ती पंख्याची कंपनी ना?
रबाळ्याला एका पोराने पडद्यावर फिरवून दाखवला,
अगदी हुबेहूब,
आणि म्हणाला, हजार नग घ्या, करून देतो.
कोपरीत सुट्या भागांचं दुकान होतं
तिथे आता मोमो वाफवतात.
कळव्याच्या पास्कलने बिस्किटांचा डबा उपडा केला :
फियाटचे, जीपचे, ट्रॅक्टरचे,
एक बहुतेक कुकरच्या शिट्टीचा.
विलायतेहून एक मागवला,
किंमत नव्वद रुपये, टपाल दोन हजार सातशे.

सगळे बसले.
सगळे गळले.
थेंब. वीस सेकंद. थेंब.

वागळे इस्टेटला सगळीकडे काचा आल्यात,
त्यांच्यामधल्या फटीत दामू वैतीचं लेथ.
म्हटलं, नमुना आणलाय, असाच एक कातून दे.
त्याने रॉकेलने पुसला. अंगठ्याने घासला.
चष्मा कपाळावर चढवून
डोळ्याच्या अगदी जवळ नेला.
हा वॉशर नाही रे, म्हणाला,
हा पैसा आहे.

भोकाचा. वरती मुकुट, सन चव्वेचाळीस.
माझ्या करदोट्यात होता असा एक, वैती म्हणाला,
आणि उगाच कमरेला हात लावून पाहिला.

कोणी बसवला असेल?
भिवंडीच्या रस्त्यावरचा कोणी मेस्तरी,
की कशेळीच्या अलीकडे गाडी बंद पडल्यावर
बाईंनी स्वतःच,
पलीकडे कुणी बाळंतीण अडलेली असताना,
दातांत बॅटरी धरून, बटवा चाचपत?
निरंजनला ठाऊक नाही.
मला वाटतं बाईंनीच.
पण मला वाटून काय होतंय.

निबर झालाय फक्त, वैती म्हणाला.
चिमट्यात धरून लाल केला, पाण्यात टाकला.
पोलाद विझवलं की कडक होतं,
तांबं विझवलं की मऊ.
चाळीस वर्षं ठाऊक आहे मला हे,
तरी तो चर्र आवाज आला
तेव्हा कान जवळ नेलाच मी.

परत बसवला. पाव फेरा आवळला.
खाली कालचा पेपर पसरला,
आणि स्टुलावर बसून राहिलो
राशिभविष्याच्या पानाकडे बघत.
दहा मिनिटं.
सिंह कोरडी. कन्या कोरडी.

निरंजन म्हणाला, पण काका,
हा ओरिजिनल नाही ना?
मी बिल लिहीत होतो.
वैती, ऐंशी रुपये.
व्हिटवर्थचे पाने, भाड्याने, दीडशे.
वॉशर, तुमचाच.

रविवारी बाहेर काढली.
हिला दिवे नाहीत वळायचे,
दारामागच्या खाचेतून हात उठतो,
पिवळा, बोटभर रुंद, आत जळणारा.
तीन हात नाक्यावर मी बटण फिरवलं,
उजवा टक्क करून उठला.
रिक्षावाला वाकून वाकून बघत राहिला,
मागचे हॉर्न वाजवत राहिले.

डावा अजून अडकतो.
त्याची कॉइल शोधतोय.
तोवर आम्ही
उजवीकडेच वळतो.